थळ घाट कोणी बांधला?

विंचूरची माणसं रेल्वेने मुंबईला निघाली, की जवळच्या लासलगावात गाडी धरतात. निफाड, नाशिक रोड, देवळाली मागे पडतात, इगतपुरी येते आणि तिथून पुढे गाडी सह्याद्रीचा कडा उतरू लागते. हा थळ घाट. रोजच्या बोलण्यात कसारा घाट.

कसारा ते इगतपुरी या साधारण 9 मैलांत लोहमार्ग 972 फूट चढतो. सर्वांत अवघड टप्प्यात 37 फूट पुढे जाताना 1 फूट वर. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी असते, त्यामुळे रेल्वेच्या दृष्टीने ही उभी चढण आहे. मुंबईकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्यात मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला इगतपुरीपर्यंत रेटत नेतात. उतरणीला जोखीम वेगळी असते. ताबा सुटलेली गाडी थांबवण्यासाठी घाटात चढणीचे आडमार्ग ठेवलेले आहेत. गाडी तिकडे वळली, की चढणच तिचा वेग मारते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली; पुढे सह्याद्री आडवा होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी ईशान्येला थळ आणि आग्नेयेला भोर अशा दोन घाटांतून वाट आखली. भोर घाट 1863 मध्ये खुला झाला आणि थळ घाट 1865 मध्ये. थळ घाटात तेव्हा 13 बोगदे खणले गेले आणि एहेगावजवळचा पूल पावणेदोनशे फुटांहून उंच आहे.

बर्कली यांचं नाव इतिहासात आहे, ठेकेदारांची नावं आहेत. भोर घाटात ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर त्यांचा ठेका पत्नी अॅलिस यांनी पुरा करवला, हेही नोंदलेलं आहे. पण जानेवारी 1861 मध्ये त्याच घाटात 42,000 च्या वर माणसं कामावर होती. त्यांची नावं कुठे आहेत?

ही माणसं दख्खनच्या गावांतून आली. वडारांच्या टोळ्या माती खणत, दगड फोडत. बायका आणि पोरं डोक्यावर पाट्या वाहत. घण-पहारीने काळ्या कातळात भोक पाडायचं, सुरुंगाची दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि धूर ओसरला की राडारोडा उचलायचा. उभ्या कड्यांवर दोराला लोंबकळून भोकं पाडावी लागत. पावसाळ्यात उघड्यावरचं काम बसे, माणसं पांगत. घाटातल्या वस्त्यांत पटकीने पुष्कळ माणसं दगावली.

ती मुकाट सोसत राहिली, असं मात्र नाही. 1859 च्या सुरुवातीला भोर घाटात मजुरीवरून दंगल झाली आणि तिथले ट्रेडवेल यांच्या आधीचे ठेकेदार फेव्हिएल यांनी ठेका सोडला. पुढच्याच वर्षी अशा कामांवरचे मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत, असा कायदा झाला. पण काम टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही त्याच कायद्यात होती.

थळ घाट खुला झाला त्याच 1865 साली अमेरिकेत सेंट्रल पॅसिफिक रेल्वेने चिनी मजुरांची मोठी भरती सुरू केली. ग्वांगदोंग प्रांतातून आलेल्या या हजारो माणसांनी सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये बोगदे खणले. जून 1867 मध्ये त्यांनी गोऱ्यांइतकी मजुरी आणि कामाचे कमी तास मागत संप केला. कंपनीने त्यांचं अन्नधान्य तोडलं आणि आठवडाभरात संप मोडला. 1869 मध्ये प्रोमॉन्टरी इथे पूर्वेकडून आलेल्या लोहमार्गाशी रूळ जुळले. 1882 मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी झाली. त्या मजुरांपैकी एकाचंही पत्र वा रोजनिशी संशोधकांच्या हाती आलेली नाही.

तरीही त्यांचे वंशज गप्प बसले नाहीत. 1969 च्या शताब्दी सोहळ्यात वाहतूक मंत्र्यांच्या भाषणात चिन्यांचा उल्लेखही नव्हता. 2014 मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने या मजुरांना आपल्या सन्मान दालनात स्थान दिलं आणि 2019 च्या दीडशेव्या वर्षी वंशज सोहळ्यात मानाने उभे होते. संशोधकांनी कंपनीची पगारपत्रकं तपासली, मजुरांच्या तळांच्या जागा खणल्या, घराघरांतल्या आठवणी टिपल्या.

आपल्याकडे हे काम आपणच करायला हवं. कंपनीची कागदपत्रं, जिल्ह्याची दप्तरं, वडार वस्त्यांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या हकिकती एकत्र आणायला हव्यात. नाशिक जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मनावर घेतलं, तर इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यातून कितीतरी वर्षांचं काम मिळेल. शेतकरी, व्यापारी, नोकरदार, विद्यार्थी अशा आपल्या किती पिढ्या या घाटाने मुंबईला नेल्या आणि सुखरूप घरी आणल्या. तो बांधताना जे मेले आणि जे जगले, त्यांची नावं शोधणं हे या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकावरचं ऋण आहे. जेवढी सापडतील तेवढी नावं कसारा आणि इगतपुरीच्या फलाटांवर, अभियंत्यांच्या शेजारी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोरायला हवीत.