पाकग्रंथ, वही आणि घरची चव

‘आज भाजी कोणती?’ हा प्रश्न दिसावयास लहान; परंतु गृहिणीस तो वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस, आणि तोहि दिवसांतून दोन वेळां, सोडवावा लागतो. शाळेंतील शिक्षकास तेंच उदाहरण दरवर्षीं नव्या वर्गाला घालण्याची सोय असते. स्वयंपाकघरांत वर्ग तोच आणि परीक्षकहि तेच! कालची भाजी आज केली तर मुलें नाकें मुरडतात. निराळें कांहीं केलें तर वडील मंडळी ‘हें काय नवीन?’ म्हणून विचारतात. एकाचें पथ्य, दुसऱ्याचा उपवास, तिसऱ्याचा डबा. अशा स्थितींत नव्या कल्पना सुचाव्यात तरी कोठून? बाजारांतून तयार पदार्थ आणणें हा एक मार्ग आहे, आणि तो आजकाल फार सोपा झाला आहे. पण त्याहून जुना, स्वस्त आणि अधिक रसाळ असा एक मार्ग आपल्या घराच्या कपाटांत पडलेला असतो. तो म्हणजे पाकग्रंथांचा. त्या ग्रंथांची थोडी ओळख करून द्यावी, ते वापरावे कसे हें सांगावें आणि शेवटीं वाचकांपुढें एक विनंती ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पाकविद्या ही आपल्या प्राचीन वाङ्मयांत हीन मानलेली नाहीं. आणि ती केवळ स्त्रियांची आहे असेंहि कोणी मानलेलें नाहीं. अज्ञातवासांत भीमानें विराटाच्या घरीं बल्लव हें नांव घेऊन वर्षभर स्वयंपाक केला. नळराजा तर या विद्येचा आचार्यच. ‘पाकदर्पण’ नांवाचा संस्कृत ग्रंथ त्याच्याच नांवावर आहे. महाभारतांतील त्याच्या कथेंत एक मार्मिक प्रसंग आहे. बाहुकाचें रूप घेतलेल्या नळास दमयंती डोळ्यांनीं ओळखूं शकत नाहीं. तेव्हां ती केशिनी दासीकडून त्यानें शिजविलेलें अन्न आणविते, त्यांतील घांस चाखते, आणि तिची खात्री पटते. रूप बदललें, वेष बदलला, नांव बदललें. हाताची चव मात्र बदलली नाहीं! चव ही माणसाची ओळख असते, हा या प्रसंगाचा अर्थ पुढें आपल्या उपयोगी पडणार आहे.

आपल्या भागाशीं जवळचा असा जुना ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर याच्या नांवानें तो प्रसिद्ध असून त्याची रचना इ. स. ११३० च्या सुमारास झाली. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशति, म्हणजे शंभर अध्याय, असा त्याचा विस्तार आहे. राज्यकारभारापासून हत्ती, रत्नें, संगीत, खेळ येथपर्यंत सर्व विषय त्यांत आले असून अन्नभोगास स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. वर्णन राजाच्या मुदपाकखान्याचें असल्यामुळें मांसाचे पदार्थहि त्यांत पुष्कळ आहेत. ते वगळले तरी आपल्या कामाचें बरेंच उरतें. गव्हाच्या कणकेचे मंडक त्यांत आहेत. बेळगांवकडे आजहि होणारे मांडे ते हेच. वटक, पूरिका, दोसक हीं नांवें तर ओळखीचींच वाटतात. इडरिका नांवाचा पदार्थ आहे, पण तो आजच्या इडलीसारखा तांदळाचा नव्हे. केवळ उडदाचा, आणि त्याला चव मिरें, जिरें व हिंग यांची.

येथें एक गोष्ट ध्यानांत येते. या साऱ्या अन्नांत मिरची कोठेंहि नाहीं. असणारच कशी? मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, रताळें, पेरू, काजू हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर, बव्हंशीं पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून, तीं हळूहळू आपल्याकडे आलीं. त्यापूर्वीं तिखटपणा यावयाचा तो मिरें, पिंपळी आणि आलें यांच्यापासून. आतां आपल्या एकादशीच्या ताटाकडे पाहावें. साबुदाणा होतो टॅपिओका या कंदापासून. तो कंद अमेरिकेचा. त्यांतला दाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची, शेजारचें रताळें हीं सर्व तिकडचींच! आपलें म्हणण्यासारखें राहतें तें जिरें आणि साजूक तूप. ज्या ताटास आपण सर्वांत सोंवळें मानतों, तेंच सर्वांत अधिक समुद्र ओलांडून आलेलें आहे. मग नव्या भाजीचें नांव ऐकून कपाळास आठी घालणाऱ्या आम्हां वृद्धांनीं थोडा विचार करावयास नको काय? परंपरा म्हणजे नव्यास दार बंद करणें नव्हे. नव्यास घरचें वळण लावणें, हीच आपल्या पूर्वजांची रीत होती.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडितानें ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्यें, शाका, फळें, दूध, दहीं यांचे गुणदोष आणि अनेक पदार्थांच्या कृति त्यांत आहेत. भांडारकर संस्थेचे व्यासंगी संशोधक प. कृ. गोडे यांनीं या ग्रंथाच्या आधारें जिलबीच्या इतिहासावरहि लिहिलें आहे. एवढा विद्वान माणूस जिलबीचा मागोवा घेतो, हें पाहून कोणास हसूं येईल. पण जो पदार्थ पंगतींत हजारों माणसें चवीनें खातात, त्याचा इतिहास राजाच्या लढाईहून कमी मोलाचा कां समजावा? तंजावरच्या भोसल्यांनींहि ही आवड जोपासली. सरफोजीराजे यांच्या काळचीं (१७९८ ते १८३२) मराठी पाकशास्त्राचीं हस्तलिखितें तेथील सरस्वती महाल ग्रंथालयानें जतन केलीं आहेत.

छापखाने आले आणि ही विद्या राजवाड्यांतून आणि पोथ्यांतून निघून घरोघर जाऊं लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतर १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हें पुस्तक निघालें. स्वयंपाक शतकानुशतकें स्त्रियांनीं केला, पण त्यावरील ग्रंथांवर नांव पुरुषाचें, अशी जी रीत होती ती अशा पुस्तकांनीं मोडली. पुढें १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ आलें. त्या पुस्तकाचें मर्म त्याच्या मापांत आहे. सारीं प्रमाणें वाटी आणि चमचा यांत दिलेलीं! जी मुलगी लग्न होऊन परगांवीं किंवा परदेशीं गेली, जिच्याजवळ विचारावयास सासू नाहीं कीं आई नाहीं, तिला त्या पुस्तकानें हातास धरून चालविलें. म्हणूनच कमलाबाईंना लाखभर सुनांची सासू असें कौतुकानें म्हणत.

आतां हे ग्रंथ वापरावे कसे? पहिली गोष्ट मापाची. जुन्या पुस्तकांत शेर, तोळे, मासे असतात. आपल्याकडे दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला आणि १९५८ पासून नवीं मापें टप्प्याटप्प्यानें रूढ झालीं. त्यामुळें आजच्या सुनांस शेर म्हणजे कोडेंच. शेर प्रांतोप्रांतीं निराळा असे; तथापि इंग्रजी अमदानींत ठरलेला शेर ८० तोळ्यांचा, आणि तोळा सुमारें ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे शेर झाला सुमारें ९३३ ग्रॅमचा. जुनीं प्रमाणें पंधरावीस पानांचीं असतात. चौघांच्या घरांत त्यांचा चतुर्थांश घ्यावा. मीठ त्याच हिशोबानें कमी करावें. पाणी मात्र नव्हे. वाफ किती जाईल हें पदार्थाच्या वजनावर नसून भांड्याच्या तोंडावर आणि वेळावर अवलंबून असतें. म्हणून थोडी डाळ रुंद पातेल्यांत शिजविल्यास पाणी हिशोबाहून अधिक लागतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, कृति आधीं आरंभापासून शेवटपर्यंत वाचावी, आणि पहिल्या वेळीं ती जशी सांगितली आहे तशीच करावी. नंतर बदल करावा तो एका वेळीं एकच. चकलीच्या भाजणीचें उदाहरण घेऊं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, शिवाय धने-जिरें, हें बहुतेक घरांतलें प्रमाण. चकली कडक झाली तर मोहन कमी पडलें. तेलांत विरघळली तर मोहन जास्त झालें. पण ज्या दिवशीं मोहनहि बदललें, डाळहि बदलली आणि आंचहि बदलली, त्या दिवशीं दोष कोणाचा हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. प्रयोगशाळेंतला हा नियम चुलीपाशीं तितकाच खरा आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे, ग्रंथ शब्द देतो, खूण देत नाहीं. ‘एकतारी पाक’ असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. पण दोन बोटांमधली तार कोणत्या क्षणीं एक आणि कोणत्या क्षणीं दोन होते, हें पाहूनच कळतें. पाणी आटतें तसा पाकाचा उत्कलनबिंदु चढत जातो. ज्यास हें कारण ठाऊक आहे त्यालाहि बोटांनीं तार पाहावीच लागते. रवा भाजल्याचा वास, मसाल्यांतून कडेनें सुटणारें तेल, फोडणींत तडतडून थांबलेली मोहरी, या खुणा हातांतून हातांतच जातात.

आणि येथेंच माझ्या विनंतीचें मूळ आहे. आमच्या घरांत माझ्या आजोबांच्या धाकट्या बहिणी होत्या. सारें घर त्यांना आत्याबाई म्हणे. लहानपणीं वैधव्य आलें आणि त्या माहेरीं परतल्या त्या कायमच्या. पहांटे सोंवळें नेसून त्या चुलीपुढें बसत, तें वीस पानें वाढून होईपर्यंत उठत नसत. आणि स्वतः मात्र एकभुक्त राहत. त्यांच्या गोड्या मसाल्याच्या आमटीसाठीं पाहुणे मुद्दाम मुक्काम वाढवीत. धने, जिरें, तीळ, सुकें खोबरें, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, दालचिनी, लवंगा हीं नांवें सर्वांस ठाऊक होतीं. पण कोणतें किती आणि कोणतें आधीं भाजावें, हें फक्त त्यांच्या हाताला ठाऊक होतें. घरांत पदवीधर चौघे होते. त्यांतील एकाच्याहि लेखणीस तें टिपून घ्यावें असें वाटलें नाहीं. आत्याबाई गेल्या त्या वेळीं मी शाळकरी होतों. पुढें आईनें, मग माझ्या पत्नीनें, तो मसाला अनेक वेळां करून पाहिला. तो चांगला होतो. पण तो आत्याबाईंचा नव्हे. ज्यांनीं पन्नास वर्षें एका कुटुंबास जेवूं घातलें, त्यांची एकमेव ओळख त्यांच्यासह गेली. त्यांचें छायाचित्रहि आमच्याजवळ नाहीं.

म्हणून विनंती अशी कीं, प्रत्येक घरानें आपला एक लहानसा पाकग्रंथ लिहावा. त्यासाठीं विद्वत्ता लागत नाहीं. एक जाड पुठ्ठ्याची वही, एक तराजू आणि थोडा धीर पुरे. घरांतील आजी, काकू, मावशी जेव्हां एखादा खास पदार्थ करतील, तेव्हां जवळ बसावें. ‘किती घालतां?’ असें विचारूं नये. कारण उत्तर ‘अंदाजानें’ असेंच येणार. त्यापेक्षां पिठाचा, डाळीचा, मसाल्याचा डबा त्यांनीं हात घालण्यापूर्वीं तोलावा आणि काम झाल्यावर पुन्हां तोलावा; जें वजन उणें भरेल तें त्यांच्या अंदाजाचें माप. घड्याळ पाहून वेळ लिहावा. त्या कशाचा वास घेतात, केव्हां आंच मंद करतात, केव्हां झाकण काढतात, तेंहि लिहावें. कृतीच्या शेवटीं तारीख घालावी, आणि मथळ्यांत करणारीचें नांव अवश्य घालावें. ‘आमटी’ असें न लिहितां ‘काकूंची आमटी’ असें लिहावें. वही लिहिण्याचें काम घरांतील मुलांनीं आणि पुरुषांनीं करावें, असें मी मुद्दाम सुचवितों. जो तासभर ओट्यापाशीं उभा राहून टिपणें घेईल, त्याला त्या तासांत किती श्रम होतात हें न सांगतां कळेल. आणि बल्लवाच्या वंशजास हातांत झारा घेण्याची लाजहि वाटणार नाहीं.

मग ‘आज भाजी कोणती?’ या प्रश्नाचें उत्तर एकट्या गृहिणीवर पडणार नाहीं. वही उघडावी, पान निवडावें, आणि शेजारीं एखादें छापील पुस्तक ठेवावें; एकांतून घरचें वळण मिळेल, दुसऱ्यांतून नवी कल्पना. दिवाळीच्या सुट्टींत माणसें एकत्र जमतात आणि फराळहि होतोच. आरंभास याहून बरा मुहूर्त नाहीं. ज्यांच्या घरीं ऐंशीच्या पुढची माउली अद्याप स्वयंपाकघरांत येऊन बसते, त्यांनीं मात्र दिवाळीचीहि वाट पाहूं नये.