थंड इंजिनाची साक्ष

कॉमन रेल डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये किती डिझेल सोडायचे आणि नेमके कधी सोडायचे, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्याला स्वतःला इंजिनातले काहीच दिसत नाही. पाण्याचे तापमान, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेल नावाच्या नळीतला दाब, आत येणारी हवा, क्रँकशाफ्टची स्थिती, पायाखालचा ॲक्सिलरेटर या प्रत्येकाची खबर त्याला एकेका सेन्सरकडून मिळते. जुन्या जीपच्या डिझेल इंजिनात हा कारभार यांत्रिक पंपाकडे होता, आणि एकदा सुरू झालेले इंजिन विजेचा फारसा आधार न घेता चालत राही. २०१० मध्ये आलेल्या महिंद्रा थारला सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल, इंजिनाचा पर्याय मिळाला, २०२० च्या नव्या थारला २१८४ सीसीचे एमहॉक डिझेल मिळाले, आणि डोंगरदऱ्यांत फिरणारी जीपही सेन्सरवर चालणारी गाडी झाली.

रस्त्यावरच्या मोटारीत हे सेन्सर वर्षानुवर्षे तक्रार करत नाहीत. ऑफ-रोड गाडीत मात्र चिखल, धूळ, हादरे आणि पाणी हे चौघे त्यांच्या मागे लागलेले असतात. नवी थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते. एवढ्या पाण्यात इंजिनाचा खालचा भाग आणि त्याच्या आसपासचे वायरिंग भिजते. नुसते भिजणे एवढे घातक नसते. घात होतो तो तापमानातल्या फरकामुळे. चढण चढून तापलेले इंजिन ओढ्याच्या गार पाण्यात उतरले की कनेक्टरच्या आतली गरम हवा आकसते, तिथे किंचित निर्वात तयार होतो आणि थकलेल्या रबरी सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्या दिवशी गाडी नीट घरी येते. मग आठ-पंधरा दिवसांत पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. चिखल धुताना प्रेशर वॉशरचा फवारा थेट कनेक्टरवर मारला तर ओढा ओलांडायचीही गरज नाही. शिवाय पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर आहेतच. वायरी कुरतडण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही.

दिवा लागला की स्कॅनर लावतात आणि स्कॅनर एक कोड दाखवतो. गैरसमजाची सुरुवात इथूनच होते. कोड नेमके काय सांगतो, ते दोन उदाहरणांत पाहता येईल. पी-०१९३ म्हणजे रेल प्रेशर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे; ही विजेची तक्रार आहे आणि तिच्यात सेन्सर, वायर, पिना, अर्थिंग हे सगळेच संशयित आहेत. पी-००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी पडतो आहे; इथे सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो आणि दोष तुंबलेल्या डिझेल फिल्टरचा, पाइपात शिरलेल्या हवेचा किंवा गळक्या इंजेक्टरचा निघतो. दोन्ही कोडांवर ‘सेन्सर बदला’ हा एकच उतारा देणारे गॅरेज गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधत असते. कोड संशयिताचे नाव सांगत नाही, फार तर गल्ली दाखवतो.

तपासणीची सगळ्यात चांगली वेळ सकाळची. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पुष्कळशा सेन्सरांनी काय सांगायला हवे हे आधीच माहीत असते. फक्त चावी फिरवायची, सेल्फ मारायचा नाही आणि स्कॅनरवर आकडे वाचायचे. कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल या तिघांची तापमाने बाहेरच्या हवेइतकी, म्हणून एकमेकांच्या दोन-चार अंशांत असायला हवीत. एखादाच वीस अंशांनी वेगळा सूर लावत असेल तर तो धरला जातो. रेलमध्ये दाब जवळजवळ शून्य असायला हवा. टर्बोचा दाब मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरने बाहेरचा वायुदाब दाखवायला हवा: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, महाबळेश्वरला सुमारे ८६, लेहला ६६ च्या आसपास. बीएस-६ गाडीत धुराच्या फिल्टरच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सर शून्याजवळ असला पाहिजे. हवा मोजणाऱ्या बॉशच्या एका प्रचलित हॉट-फिल्म सेन्सरचे स्थिर हवेतले व्होल्टेज १ व्होल्टच्या अगदी जवळ असते. एकही नटबोल्ट न सोडता पाच मिनिटांत निम्म्या संशयितांची जबानी होते. गाडी दोन किलोमीटर चालवून गॅरेजात आणली की हा पुरावा पुसला जातो, म्हणून जाणता मिस्त्री गाडी आदल्या संध्याकाळीच ठेवून घेतो.

तापमानाचा सेन्सर आतून अगदी साधा असतो. पितळी बोंडात थर्मिस्टर बसवलेला असतो आणि गरम होताच त्याचा रोध घटतो. बॉशच्या नेहमीच्या थर्मिस्टरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम, ४० अंशांना १२०० च्या आतबाहेर, ८० अंशांना जवळपास ३२० आणि १०० अंशांना १९० पेक्षाही कमी असतो. ईसीयू आपल्या आतल्या एका रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरपाशी किती उरले ते पाहून तापमान काढतो. यातूनच एक सुंदर चाचणी निघते. सेन्सरचा सॉकेट काढला की सर्किट तुटते, व्होल्टेज पूर्ण ५ ला जाते आणि स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो. मग सॉकेटच्या दोन पिना छोट्या तारेने जोडल्या की व्होल्टेज शून्याला येते आणि स्कॅनर इंजिन उकळत असल्याचे दाखवू लागतो. आकडा असा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला, तर ईसीयू आणि वायरिंग दोन्ही शाबूत आहेत आणि दोष सेन्सरचा. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. वायर कुठे तरी तुटली आहे किंवा कशाला तरी टेकली आहे.

ही युक्ती दोन पिनांच्या तापमान सेन्सरपुरतीच. दाबाच्या सेन्सरला तीन पिना असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. तिथे तार जोडून पाहणे म्हणजे पुरवठाच शॉर्ट करणे. एकच ५ व्होल्टची लाइन बरेचदा दोन-तीन सेन्सरांना मिळून असते, त्यामुळे एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की तिघांचे कोड एकदम येतात आणि मालकाला वाटते, सगळ्यांनी एकाच दिवशी मान टाकली. अशा वेळी मल्टीमीटर पुरवठ्याच्या पिनेवर धरून एकेक सॉकेट काढत जायचे. ज्याचा सॉकेट काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार.

सर्वांत महत्त्वाचा सेन्सर क्रँकशाफ्टचा. तो बोलला नाही तर इंजिन सुरूच होत नाही. प्रचलित रचनेत तो ६० दात्यांच्या चाकासमोर बसतो आणि त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. त्या फटीवरून ईसीयूला फेरीचा आरंभ कळतो, बाकीचा प्रत्येक दाता म्हणजे ६ अंश. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर क्रँक दर मिलिसेकंदाला १८ अंश फिरते. डिझेल फवारण्याची वेळ एवढ्या बारीक हिशेबात साधायची असते. हा सेन्सर बिघडण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे. इंजिन तापले की गाडी अचानक बंद पडते, अर्धा तास बॉनेट उघडून ठेवली की पुन्हा सुरू होते आणि गॅरेजात पोचेपर्यंत काही सापडत नाही. गुंडाळीतली बारीक तार गरम होऊन पसरल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकते, असा तो प्रकार. म्हणून तपासणीही गाडी बंद पडलेली असतानाच करावी लागते. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसले तर सिग्नल येत नाही. दोन पिनांच्या चुंबकीय सेन्सरचा रोध मोजता येतो. तो काही शेकडा ओहम ते एखाद-दीड किलोओहम असा गाडीगणिक वेगळा असतो आणि मॅन्युअलशी ताडून पाहावा लागतो. तीन पिनांच्या हॉल सेन्सरला मात्र ओहममीटर लावू नये. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल त्यातून काहीच कळत नाही, उलट इजा होऊ शकते.

रेलच्या दाबाचे काम जरा धोक्याचे. इंजिन नुसते रिकामे चालत असतानाही रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो आणि भार आला की १६०० बार किंवा त्याहून वर जातो. चालू इंजिनात पाइपाची नट सैल केली तर निघणारी बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. दिसायला टोचल्याएवढी जखम, पण ती तातडीने शस्त्रक्रियेचीच असते. गळती हाताने चाचपून शोधायची नाही, पुठ्ठा धरायचा. सेन्सरची चाचणी त्या मानाने सोपी आहे: दाब शून्य असताना सिग्नल सुमारे अर्धा व्होल्ट आणि दाबाबरोबर तो साडेचारपर्यंत चढणारा. सेल्फ मारताना दाब दोनशे बारच्या आसपासही चढला नाही तर इंजिन सहसा पेट घेत नाही. तेव्हा आधी फिल्टर आणि त्याच्या तळाचे पाणी पाहावे, मग इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या बाटल्यांत सोडून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत पाठवतो ते पाहावे. सेन्सर सर्वांत शेवटी. शिवाय कित्येक उत्पादक तो रेलवरून सुटा काढू देत नाहीत, अख्खी रेल बदलायला सांगतात; म्हणजे चुकीच्या अंदाजाची किंमत चांगलीच वाढते.

हवा मोजणारा सेन्सर बिघडत नाही, मळतो. त्यातली तापवलेली पातळ पट्टी वाहत्या हवेने किती थंड होते त्यावरून हवेचे माप निघते. एअर फिल्टरला तेल जास्त लावले किंवा फिल्टरच्या कडेने धूळ शिरली की पट्टीवर पुट चढते, माप कमी येते, ईसीयू डिझेल आखडतो आणि गाडी धूर न टाकताच चढावर दम टाकते. बऱ्याच जुन्या गाड्यांत याचा सॉकेट काढला तर ईसीयू ठरीव माप धरून चालतो. तशी गाडी जास्त जोमाने ओढू लागली तर संशय पक्का. नव्या सेन्सरआधी खास स्प्रेने धुऊन पाहणे स्वस्त पडते. पट्टीला ब्रश किंवा कॉम्प्रेसरची हवा लागली की मात्र ती गेलीच. बूस्ट सेन्सरचे दुखणे काजळीचे, आणि ‘बूस्ट कमी’ या पी-०२९९ कोडामागे पुष्कळदा इंटरकूलरची फाटकी नळी असते.

दोष सेन्सरचाच ठरला की बदलण्याचे काम फार तर तासाभराचे, पण त्यातही पथ्ये आहेत. चावी काढून बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. जागा धुऊन-पुसून मगच सेन्सर काढावा, नाहीतर क्रँक सेन्सरच्या भोकातून चिखलाचा खडा थेट फ्लायव्हीलच्या घरात जातो. निघालेल्या सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा कीस चिकटलेला असेल तर तीही एक बातमीच. कधी कधी तो पुसल्यावर जुनाच सेन्सर नीट चालतो. नव्याच्या ओ-रिंगला थेंबभर तेल लावून तो हाताने दाबून बसवायचा. हातोडीने ठोकलेला सेन्सर वाकडा बसतो आणि दात्यांपासूनचे त्याचे मिलिमीटरभराचे अंतर बिघडते. कूलंटचा सेन्सर थंड इंजिनातच काढावा: दाबाखालचे कूलंट १०० अंशांवरही उकळत नाही आणि झाकण उघडताच उसळून अंगावर येते. ॲल्युमिनियमच्या आट्यांत तो टॉर्क रेंचने सांगितल्याएवढाच आवळायचा आणि नंतर हवा काढून टाकायची. टोक हवेच्या बुडबुड्यात राहिले तर नवा कोरा सेन्सरही चुकीचे तापमान सांगतो. कनेक्टरच्या सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. गाडीला रोल केज किंवा विंचचा बंपर वेल्डिंगने जोडायचा असेल तर बॅटरी आणि ईसीयूचे सॉकेट सोडल्याशिवाय आर्क पेटवू नये.

शेवटी कोड पुसायचा, पण आधी तो लिहून ठेवावा. कोडाबरोबर साठवलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे किती आरपीएम, किती तापमान, किती वेग, पुसल्यावर परत मिळत नाही. मग इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा ठिकठिकाणी हलवायचा आणि स्कॅनरवर आकडा उडी मारतो का ते पाहायचे. त्यानंतर गाडी पूर्ण तापेपर्यंत, चढावरही, चालवायची. काही दोष ईसीयू लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच पक्के धरतो, त्यामुळे पहिल्या फेरीनंतर दिवा लागला नाही एवढ्यावर गाडी मालकाच्या ताब्यात देता येत नाही. स्कॅनरमधले प्रलंबित कोडांचे पान उघडावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर तेच आकडे पुन्हा एकदा वाचावे लागतात.