लाखाची गिटार घ्यावी का?

घरात फ्रीज घ्यायचा तर आपण चार दुकानं पालथी घालतो. वाद्याचा विषय निघाला, की मात्र ‘कशाला हवीत ही थेरं’ म्हणून तो मिटवला जातो, नाहीतर हट्टापुढे पैसे मोजले जातात. माझी एक भाची बँकेत नोकरी करते, आठ वर्षं साध्या इलेक्ट्रिक गिटारीवर हात बसवलाय. आता तिला अमेरिकन बनावटीची उंची गिटार हवी आहे, स्वतःच्या पगारातून. तिची आई म्हणते, ‘‘एवढ्यात सोनं नसतं का आलं?’’ आलं असतं की! पण पोरीनं सोनं मागितलंच नाही.

मैत्रिणींनो, आधी एवढं समजून घ्या, की ही गिटार आपल्या सतारीसारखी पोकळ नसते. अंग भरीव लाकडाचं. तारांखाली लोहचुंबकावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तार थरथरली की त्यात वीज उमटते आणि आवाज निघतो तो अॅम्प्लिफायरमधून. म्हणजे निम्मा आवाज त्या खोक्याचा! दीड लाखाची गिटार आणि हलका अॅम्प्लिफायर, हे पैठणीवर फाटक्या चपला घालण्यासारखं. पैसे बेताचे असतील तर मधल्या किमतीची गिटार आणि चांगला अॅम्प्लिफायर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? फ्रेटच्या कडा हाताला टोचत नाहीत, खुंट्या सूर धरून ठेवतात, पिकअप सरस असतात. बाकी बरंचसं नावाचं आणि कुठल्या देशात बनली त्याचं. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ची, गिब्सनची लेस पॉल १९५२ची. दोन्ही कंपन्यांच्या स्वस्त बहिणी आहेत, फेंडरची स्क्वायर आणि गिब्सनची एपिफोन. घाट तोच, किंमत बरीच कमी. शिवाय फेंडर मेक्सिकोतही बनते, ती अमेरिकेतल्यापेक्षा स्वस्त पडते. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्यानं गिटारीची मान स्क्रूनं बसवली, बिघडली तर बदलता यावी म्हणून. लेस पॉलची मान चिकटवलेली, डोकं मागे कललेलं. पडली तर नेमकी तिथंच मोडते. वजनही चार किलोच्या आसपास. तासभर खांद्यावर घेऊन उभं राहून बघा, म्हणजे कळेल! भाचीला मी हेच सांगितलं, दुकानात बसून नको, उभं राहून वाजव.

‘अमेरिकेतला दीर येताना आणेल’ हा आपला आवडता तोडगा. गिटार आणायला हरकत नाही, पण सीमाशुल्काची आणि दुरुस्तीच्या हमीची चौकशी आधी करावी. अॅम्प्लिफायर मात्र तिकडून मुळीच मागवू नये, तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. जुनी घेत असाल तर जाणकार सोबत न्या, नामांकित गिटारींच्या नकला सर्रास मिळतात.

हप्त्यांचं म्हणाल, तर वाजवायला लागून वर्ष-दोन वर्षं झाली नसतील, तर हप्त्यावर उंची गिटार मुळीच घेऊ नये. पण आठ वर्षं रोज तासभर वाजवणाऱ्या मुलीला ‘लग्नानंतर बघू’ म्हणणं मला पटत नाही. लग्नानंतर काय बघायला मिळतं, ते आपल्याला ठाऊक आहे! आणि हे वाद्य काही परकं नाही हो. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘दम मारो दम’ची गिटार आपल्या भूपिंदर सिंगांनीच वाजवलेली.

घेतलीच तर पावसाळ्यात जपा. तारा लोखंडाच्या, घामानं आणि दमटपणानं गंजतात. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं पुसाव्यात. न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला ती टांगू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, बुटांच्या खोक्यात मिळतात त्याच. गिब्सनच्या जुन्या पद्धतीच्या नायट्रो लाखेला काही रबरी स्टँडचे डाग पडतात, तेव्हा स्टँडला सुती कापड गुंडाळा. जुन्या परकराची पट्टीसुद्धा चालेल.