भूगर्भातील धातुधन — लेखांक 7 : गाडलेल्या नद्या आणि युरेनियमचा शोध

ग्रॅनाइटसारख्या अग्निजन्य खडकांत युरेनियमचा अंश किती विरळपणे विखुरलेला असतो, हे आपण मागील लेखांकात पाहिले. डोंगरच्या डोंगर फोडून तो वेचावा म्हटले, तर कोणत्याही दौलतीचा खजिना पुरावयाचा नाही. तेव्हा निसर्गानेच तो कोठे एकवटून ठेवला आहे काय, हा संशोधकापुढील खरा प्रश्न होय, आणि त्याच्या अनेक उत्तरांपैकी मला सर्वांत मनोवेधक वाटणारे उत्तर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहिलेल्या व आज शंभर-सव्वाशे मीटर मातीखाली गडप झालेल्या नद्यांची पात्रे.

याचा उत्तम दाखला दक्षिण ऑस्ट्रेलियात मिळतो. ॲडलेडच्या उत्तरेस पाचशेहून अधिक किलोमीटरांवर, फ्लिंडर्स पर्वतरांगेचे उत्तर टोक आणि फ्रोम सरोवर यांच्यामध्ये एक सपाट, शुष्क मुलूख पसरला आहे. फ्रोम हे केवळ नावाचे सरोवर; बहुतेक काळ तेथे मिठाचा पांढरा थर तेवढा दिसतो. अद्न्यामथान्हा या आदिवासी समाजाची ही पूर्वापार भूमी. पश्चिमेस माउंट पेंटरच्या परिसरात जे अतिप्राचीन ग्रॅनाइट उघडे पडले आहेत, त्यांत युरेनियमचे प्रमाण सामान्य ग्रॅनाइटच्या कित्येक पट आहे. आणि 1910 च्या सुमारास तेथील हिरव्या खनिजाची परीक्षा करून त्यात युरेनियम असल्याची ग्वाही देणारे डग्लस मॉसन हेच पुढे अंटार्क्टिकाच्या मोहिमांमुळे जगविख्यात झाले. त्या काळी मागणी रेडियमची होती आणि सारे प्रयत्न डोंगरातच झाले. डोंगरातील धन पाण्यावाटे केव्हाच पायथ्याकडे उतरू लागले होते, हे उमगावयास मात्र आणखी जवळजवळ साठ वर्षे जावी लागली.

तृतीयक कालखंडात हा प्रदेश आजच्यासारखा रखरखीत नव्हता. मुबलक पाऊस पडे, अरण्ये वाढत, आणि डोंगरांतून उतरणाऱ्या नद्या आपल्या पात्रांत वाळू, गोटे व वाहून आलेली झाडेझुडपे यांचे थरावर थर रचीत. पुढे हवामान पालटले, चिकणमातीचे आवरण चढले व नदी पात्रासकट गाडली गेली. परंतु वाळू सच्छिद्र असल्यामुळे तिच्यातून भूजल मात्र मंदगतीने वाहतच राहिले. प्राणवायूयुक्त पाणी ग्रॅनाइटवरून झिरपताना त्यातील युरेनियम विरघळवून घेते आणि कार्बोनेटच्या संगतीने ते दूरवर वाहून नेते. वाटेत गाडलेले लाकूड, लिग्नाइट किंवा पायराइट आडवे आले, की पाण्यातील प्राणवायू तेथे खर्ची पडतो, युरेनियमला विरघळलेल्या स्थितीत राहता येत नाही, आणि वाळूच्या कणांभोवती युरेनिनाइट व कॉफिनाइट या खनिजांच्या रूपाने ते स्थिरावते. स्थिरावते म्हणावे, तर तेही तात्पुरतेच. कारण मागून येणारे प्राणवायूयुक्त पाणी तो साठा पुन्हा विरघळवून थोडा पुढे नेते, आणि अशा रीतीने लक्षावधी वर्षे पुढे सरकत सरकत तो अधिकाधिक समृद्ध होत जातो.

म्हणून शोधावयाची असते ती एक सीमारेषा. तिच्या वरच्या अंगाची वाळू लोहाच्या गंजाने पिवळी-तांबूस झालेली असते, खालच्या अंगाची करडी राहिलेली असते. वेधनछिद्रातून पिवळी वाळू वर आली, तर प्रवाहाच्या दिशेने पुढे जावे. करडी आली, तर मागे फिरावे. वाळूचा नुसता रंग पाहून एवढा निर्णय करता यावा, याचे मला सदैव कौतुक वाटत आले आहे.

परंतु त्याआधी नदी सापडली पाहिजे, आणि भूपृष्ठावर तिचा मागमूसही नसतो. किरणोत्सर्ग मोजणारे विमान येथे निरुपयोगी. अर्धा-एक मीटर माती गॅमा किरण बहुतांशी शोषून घेते. त्यामुळे विद्युत्चुंबकीय मोजणीने खाऱ्या पाण्याने भरलेल्या थरांचा ठाव घेतात, गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून जुन्या दरीचा तळ अजमावतात, आणि संशयित पात्राला आडव्या अशा ओळींनी छिद्रे घेतात. अखेरचा फैसला त्या छिद्रांवाचून होत नाही.

छिद्रात गॅमा-मापक सोडला की युरेनियम कळले, असा सर्वसाधारण समज आहे. तो येथे घातक ठरतो. मापकाला जाणवणारे किरण मुख्यत्वे युरेनियमचे नसून त्याच्या क्षयातून उपजलेल्या वंशातील बिस्मथासारख्या मूलद्रव्यांचे असतात, आणि हा वंश पूर्णपणे नांदता व्हावयास फार काळ लागतो. त्यातील थोरियम-230 चाच अर्धायुकाल सुमारे 75,000 वर्षांचा आहे. पाण्याने युरेनियम पुढे नेले व त्याच वंशातील रेडियम मागे राहिले, तर मापक रित्या जागी धनाची साक्ष देतो. उलट युरेनियम नुकतेच येऊन बसले असेल, तर भरल्या जागी तो मौन धरतो. या खोट्या साक्षीवर तोडगा म्हणून छिद्रात न्यूट्रॉनांचे झोत सोडून युरेनियम-235 चे विखंडन घडवतात आणि त्यातून निघणारे न्यूट्रॉन मोजतात. ही साक्ष वंशजांची नव्हे, खुद्द युरेनियमची असते.

फ्रोम सरोवरालगतच्या याच मुलखात 1969 मध्ये बेव्हर्ली व 2005 मध्ये फोर माइल हे साठे सापडले. आणि दक्षिणेस ब्रोकन हिलच्या वायव्येला, यारंबा नामक गाडलेल्या पात्रात, 1972 मध्ये हनीमूनचा शोध लागला. 1983 मध्ये राज्य सरकारने बेव्हर्ली व हनीमूनला परवाने नाकारले. बेव्हर्लीचे उत्पादन सुरू व्हावयास 2000 साल उजाडले. अशी पात्रे इतरत्रही आहेत: जपानात निंग्यो-तोगे येथे 1955 मध्ये असा साठा आढळला, आणि सैबेरियातील व्हितिमच्या पठारावर तर ती बेसाल्टखाली, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्या जातीच्या खडकाखाली, दबलेली आहेत.

बेव्हर्लीला ना खड्डा खणला, ना भुयार. गंधकाम्ल व ऑक्सिडीकारक मिसळलेले भूजल विहिरींतून वाळूत सोडावयाचे, युरेनियम विरघळले की दुसऱ्या विहिरींनी ते वर खेचावयाचे, आणि उरलेला द्रव पुन्हा त्याच थरात घालावयाचा, अशी तेथील रीत होती. तेथील पाणी मुळातच खारट व अपेय आहे, हा प्रकल्पकर्त्यांचा युक्तिवाद खोटा नाही; पण ज्या सच्छिद्रतेमुळे साठा तयार झाला, तिच्याच वाटे आम्लही पसरू शकते, हेही तितकेच खरे. तेव्हा अशा शोधाला परवानगी देताना पात्राच्या संपूर्ण लांबीतील भूजलाची मोजणी पहिल्या विहिरीपूर्वीच व्हावी, तिची कागदपत्रे स्थानिक लोकांना खुली असावीत, आणि ही अट पुरी झाल्यावाचून आम्लाचा एक थेंबही जमिनीत सोडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.