इटलीच्या फुटबॉल-अजिंक्यपदाची शकावली : कांहीं वादग्रस्त नोंदी

इटलींतील फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेंत कोणत्या सालीं कोण अजिंक्य ठरलें याची यादी पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. १८९८ पासून पुढें सालासमोर नांव अशी तिची सोपी मांडणी असते. परंतु जुनी शकावली हातीं घेतांना जो सावधपणा ठेवावा लागतो तोच येथेंही अवश्य आहे. कारण या यादींतील कित्येक नांवें मैदानावर ठरलेलीं नसून मागाहून बैठकींत ठरलेलीं आहेत, कांहीं खोडलेलीं आहेत, आणि दोन ठिकाणीं तर स्पर्धा पूर्ण होऊनही रकाना कोरा आहे. निर्विवाद नोंदींविषयीं थोडेंच लिहून वादग्रस्त नोंदींचा विचार आम्ही येथें करणार आहों.

इटालियन फुटबॉल-महासंघाची स्थापना १८९८ च्या मार्च महिन्यांत तुरीन येथें झाली, आणि त्याच वर्षीं ८ मे रोजीं तुरीनच्याच सायकल-शर्यतींच्या मैदानावर पहिली स्पर्धा पार पडली. संघ अवघे चार. त्यांपैकीं तीन तुरीनचे व एक जेनोआचा. सर्व सामने एकाच दिवशीं आटोपले, व शेवटच्या सामन्यांत जादा वेळ खेळून जेनोआनें 'इंतेर्नाझियोनाले तोरिनो' या संघास २-१ असें हरविलें. दोन शहरांच्या या एका दिवसाच्या खेळास 'इटलीचें अजिंक्यपद' म्हणावें काय, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. तथापि महासंघानें ती स्पर्धा गणली आहे, आणि आरंभ कोठें तरी धरावाच लागतो. जेनोआचा क्लब तेथील इंग्रज रहिवाशांनीं १८९३ सालीं काढला. त्याच्या नांवांत क्रिकेट हा शब्द होता व तो आजही आहे, हें वाचून आपल्याकडील क्रिकेटप्रेमी वाचकांस कौतुक वाटेल. या क्लबांत फुटबॉल रुजविण्याचें व इटालियन सभासदांस प्रवेश देवविण्याचें श्रेय जेम्स स्पेन्सले या इंग्रज डॉक्टराकडे जातें. पहिल्या सात स्पर्धांपैकीं सहा जेनोआनें जिंकल्या. मधली १९०१ ची तेवढी मिलाननें नेली.

परदेशी खेळाडूंच्या या प्राबल्यामुळेंच पहिला वाद उद्भवला. केवळ इटालियन खेळाडूंनीं खेळावें असा आग्रह धरला जाऊन १९०८ व १९०९ या दोन्ही सालीं दोन-दोन निरनिराळ्या स्पर्धा झाल्या. त्यांतील एकेक स्पर्धा युव्हेंटसनें जिंकली; पण यादींत दोन्ही सालीं नांव राहिलें तें प्रो व्हेर्चेल्लीचें. व्हेर्चेल्ली हें पीडमाँट प्रांतांतील भातशेतीच्या मुलुखांतलें लहानसें गांव. तेथील व्यायामशाळेंतून निघालेल्या, सर्वस्वीं इटालियन खेळाडूंच्या या संघानें १९०८ ते १९२२ या काळांत सात अजिंक्यपदें मिळविलीं. त्यास आठवें १९१० सालींही मिळतें. परंतु इंटरबरोबरच्या निर्णायक सामन्याची तारीख बदलून देण्यास नकार मिळाला, तेव्हां निषेधादाखल त्यानें आपलीं लहान पोरें मैदानावर उतरविलीं व १०-३ असा पराभव पत्करला. इंटरच्या अजिंक्यपदांची मालिका या सामन्यापासून सुरू होते, हें तिचे अभिमानी सहसा सांगत नाहींत.

आतां १९१५ ची नोंद. ही आमच्या मतें सर्व यादींत सर्वांत अशक्त आहे. त्या काळीं उत्तर विभाग व मध्य-दक्षिण विभाग यांच्या स्पर्धा वेगळ्या होत, व दोहोंचे विजेते शेवटीं एकमेकांशीं खेळत. उत्तरेच्या अंतिम गटांत चार संघ होते. पांच फेऱ्या झाल्यावर जेनोआचे ७, तोरिनो व इंटर यांचे प्रत्येकीं ५ आणि मिलानचे ३ गुण होते. २३ मे १९१५ रोजीं शेवटची फेरी व्हावयाची, त्याच दिवशीं इटलीनें ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलें आणि खेळ थांबला. राहिलेला सामना जेनोआ व तोरिनो यांचाच होता. तोरिनो जिंकता तर दोघांचे गुण समसमान होते; आणि याच तोरिनोनें आधींच्या गांठींत जेनोआस ६-१ असें धुळीस मिळविलें होतें! शिवाय दक्षिणेच्या विजेत्याशीं व्हावयाचा सामना तर झालाच नाहीं. असें असतां युद्ध संपल्यावर हें पद जेनोआच्या नांवें लागलें.

याचें समर्थन असें करण्यांत येतें कीं, दक्षिणेचे संघ त्या काळीं फार दुबळे असत, म्हणून उत्तरेचा विजेता तोच देशाचा विजेता. या म्हणण्यांत तथ्य आहे: १९१३ सालीं प्रो व्हेर्चेल्लीनें लात्सिओस ६-० असें, व १९१४ सालीं काझालेनें त्याच लात्सिओस ७-१ व २-० असें हरविलें होतें. परंतु संभव आणि पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादा सरदार अमुक लढाईस बहुधा हजर असावा एवढ्यावरून त्याचें नांव हजेरींत घालतां येत नाहीं, तद्वतच हें. लात्सिओच्या पक्षाकडून २०१५ पासून महासंघाकडे मागणी चालू झाली कीं, त्या सालचें पद दोघांस संयुक्त द्यावें. आमच्या दृष्टीनें तेंही निर्दोष नव्हे, कारण अपुऱ्या स्पर्धेंतून एकाऐवजीं दोन विजेते काढल्यानें स्पर्धा पुरी होत नाहीं.

१९२२ ची नोंद मात्र दुहेरी असूनही सरळ आहे. स्पर्धेंत संघ किती असावेत यावरून मोठे क्लब महासंघांतून फुटले व त्यांनीं आपली वेगळी स्पर्धा भरविली; ती प्रो व्हेर्चेल्लीनें जिंकली, महासंघाची नोव्हेझेनें. त्याच वर्षीं तडजोड झाली व दोन्ही पदें ग्राह्य धरलीं गेलीं. नोव्हेझे हें नांव यादींत पुन्हां कोठेंही येत नाहीं.

१९२४ पासून विजेत्या संघानें पुढील वर्षीं छातीवर तिरंगी ढालीचें चिन्ह लावण्याची चाल पडली. 'स्कुदेत्तो' म्हणजे लहान ढाल, आणि तेव्हांपासून अजिंक्यपदासच हें नांव पडलें. ही ढाल प्रथम जेनोआनें लावली व पुढच्याच वर्षीं गमावली. ती कशी, हें सांगण्याजोगें आहे. १९२५ सालीं उत्तर विभागाच्या निकालासाठीं जेनोआ व बोलोन्या यांच्यांत पांच सामने व्हावे लागले. पहिल्या दोहोंत प्रत्येकानें दुसऱ्याच्या गांवीं २-१ असा विजय मिळविला. तिसरा ७ जून रोजीं मिलान येथें झाला. जेनोआ दोन गोलांनीं पुढें असतां बोलोन्याचा एक फटका जाळ्यांत गेला किंवा नाहीं याविषयीं तंटा पडला. पंच जोव्हान्नी मावरो यांनीं प्रथम कॉर्नर दिला. पण प्रेक्षक मैदानांत घुसले, त्यांत काळ्या सदऱ्यांचे फासिस्टही होते, आणि अखेर गोल मान्य झाला. सामना २-२ असा सुटला. तुरीन येथील चौथा १-१ असा अनिर्णित राहिला, व त्यानंतर तेथील रेल्वे-स्थानकावर बोलोन्याच्या समर्थकांच्या गाडींतून पिस्तुलें झाडलीं गेलीं. पांचवा सामना ९ ऑगस्ट रोजीं मिलान येथें सकाळीं सात वाजतां, प्रेक्षकांस मज्जाव करून, खेळविण्यांत आला. बोलोन्यानें तो २-० असा जिंकला. बोलोन्याचा फासिस्ट पुढारी लेआन्द्रो आर्पिनाती पुढच्याच वर्षीं महासंघाचा अध्यक्ष झाला, ही गोष्ट जेनोआचे लोक अद्याप विसरलेले नाहींत. एवढें असलें तरी ही नोंद १९१५ च्या मानानें भक्कम म्हटली पाहिजे: पांचवा सामना खरोखर झाला आणि तो बोलोन्यानें जिंकला. दबाव तिसऱ्या सामन्याच्या निकालावर आला, तो यादींत कोठेंच दिसत नाहीं.

याच आर्पिनातीच्या कारकीर्दींत १९२७ चें पद रद्द झालें. स्पर्धा तोरिनोनें जिंकली होती. ५ जूनच्या सामन्यांत युव्हेंटसचा बचावपटु लुईजी अल्लेमान्दी यास तोरिनोच्या एका अधिकाऱ्यानें ५०,००० लिरांचें आमिष दाखविलें व निम्मे आगाऊ दिले, असा आरोप होता. अल्लेमान्दीस जन्मभर बंदी झाली. पण लवकरच क्षमा मिळून तोच खेळाडू १९३४ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघांत होता. दुसऱ्या क्रमांकावर बोलोन्या, म्हणजे आर्पिनातीचेंच गांव. त्यास तें पद दिलें गेलें नाहीं व रकाना कोरा राहिला. तोरिनोची मागणी अजून मिटलेली नाहीं.

१९२९-३० पासून सर्व देशाची एकच साखळी-स्पर्धा सुरू झाली व यादीस स्थैर्य आलें. पहिला मान इंटरनें, त्या काळच्या सक्तीच्या 'आम्ब्रोझियाना' या नांवाखालीं, मिळविला. त्यापुढें १९३१ ते १९३५ अशीं सलग पांच वर्षें युव्हेंटस. १९४३ व १९४६ ते १९४९ हीं तोरिनोचीं. ४ मे १९४९ रोजीं लिस्बनहून परतणारें त्यांचें विमान तुरीनजवळच्या सुपेर्गा टेकडीवर आदळून ३१ माणसें मेलीं. राहिलेले चार सामने तोरिनोच्या तरुण पोरांनीं खेळले, प्रतिपक्षांनींही आपलीं पोरेंच उतरविलीं. या नोंदीविरुद्ध कोणीं एक अक्षर काढलेलें नाहीं.

१९४४ चा मामला याहून निराळा. इटलीचे दोन तुकडे झाले असतां उत्तरेंत एक स्पर्धा झाली. स्पेत्सिया येथील आगीच्या बंबाच्या दलांत दाखल झालेल्या खेळाडूंनीं १६ जुलै रोजीं मिलान येथें त्याच बलाढ्य तोरिनोस २-१ असें हरविलें व स्पर्धा जिंकली. महासंघानें २००२ सालीं स्पेत्सियास मानाचें पद दिलें, परंतु तें स्कुदेत्तोच्या बरोबरीचें नव्हे असें स्पष्ट केलें. १९१५ चा अपुरा खेळ ग्राह्य आणि १९४४ चा पुरा झालेला खेळ अग्राह्य, हा न्याय आम्हांस समजत नाहीं. अर्ध्या देशाची स्पर्धा म्हणून ती बाद करावयाची तर १८९८ चे ते चार संघ कोणत्या देशाचे?

शेवटची वादग्रस्त जोडी २००५ व २००६ ची. पंचांच्या नेमणुकींसंबंधीं झालेल्या प्रकरणांत युव्हेंटसकडून दोन्ही पदें काढून घेण्यांत आलीं. पहिल्याचा रकाना १९२७ प्रमाणें कोरा ठेवला गेला; दुसऱ्याच्या ठिकाणीं मात्र इंटरचें नांव घालण्यांत आलें. एकाच प्रकरणांत दोन निरनिराळ्या रीती अनुसरल्या गेल्या. त्यामुळें २०२५ च्या अखेरीस महासंघाच्या हिशेबीं युव्हेंटसचीं पदें ३६ होत होतीं, इंटरचीं २०, मिलानचीं १९. युव्हेंटसनें मात्र स्वतःचीं ३८ मोजलीं आहेत. आंकडा उद्धृत करणारानें तो कोणत्या वहींतला आहे हें सालागणिक नमूद करावें, आणि १९०८, १९०९, १९१५, १९२२, १९२७, १९४४, २००५ व २००६ या आठ सालांपुढें टीप द्यावी, अशी आमची सूचना आहे.