पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद

पक्ष्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं तर कॅमेरा कोणता घ्यावा, असें विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु आधीं विचार करावा तो अंतराचा.

पक्ष्याची प्रतिमा केवढी उमटेल हें भिंगाच्या नाभीय अंतरावर आणि पक्षी किती दूर आहे यावर अवलंबून असतें. १०० मिलिमीटरच्या भिंगानें बुलबुल १० मीटरांवरून जेवढा दिसतो, तेवढाच ४०० मिलिमीटरच्या भिंगानें ४० मीटरांवरून दिसतो. लांब भिंग पक्ष्यास आपल्याजवळ आणतें असें लोक म्हणतात. आम्ही म्हणूं कीं, तें आपणांस पक्ष्यापासून दूर राहूं देतें. नवशिक्यानें ३०० ते ४०० मिलिमीटरपर्यंत पोंचणारें भिंग घ्यावें, आणि पैसे थोडे असल्यास कॅमेरा जुना घेऊन भिंगावर अधिक खर्च करावा. हल्लींचे कित्येक कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपण होऊन शोधून काढतात. सोय मोठी खरी, पण पक्षी कोठें येऊन बसेल हें कांहीं त्यांस ठाऊक नसतें.

बसलेल्या पक्ष्यास शटरचा वेग सेकंदाचा १/५०० भाग बहुधा पुरतो. उडत्यास १/२००० लागतो. प्रकाश कमी असल्यास आय्. एस्. ओ. वाढवावा. चित्रांत थोडा रवा आला तरी चालतो, हाललेलें चित्र मात्र फुकट जातें. ट्रायपॉड नसेल तर पायलीभर ज्वारी भरलेली पिशवी गडग्यावर ठेवून तिजवर भिंग टेकावें. उन्हाळ्यांत मात्र सकाळचें ऊन चढूं लागलें कीं जमिनीलगतची हवा थरथरूं लागते, आणि मग कितीही मोलाचें भिंग असलें तरी दूरचें चित्र स्वच्छ येत नाहीं.

पूर्वीच्या लोकांपाशीं अशीं भिंगें नव्हतीं. इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं अंड्यांसह एका घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें पक्ष्यांच्या जवळ जातां यावें म्हणून बैलाच्या पोकळ कातड्यांत दडून बसण्याचीही युक्ति त्यांनीं केली. एरिक हॉस्किंग यांच्या डोळ्यावर १९३७ सालीं घरट्याजवळ एका घुबडानें झडप घातली आणि तो डोळा कायमचा गेला. जवळ जाण्याचें मोल त्या वेळीं छायाचित्रकारानें दिलें. बहुतेक वेळां तें पक्षी देतो.

हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एप्रिलांत एका पडीक शेतांत आम्हांस टिटवीचीं चार अंडीं आढळलीं. ती घरटें असें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर खळगा करून त्यांतच अंडीं घालते, आणि तीं भोंवतालच्या खड्यांसारखींच दिसतात. आमचें भिंग आंखूड, म्हणून आम्ही दहा पावलांवर जाऊन बसलों. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालीत होती. ती आतां बसेल, मग बसेल, असें म्हणतां म्हणतां तास गेला. वैशाखाच्या उन्हांत अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते; टिटवी पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येऊन तीं गार राखते, हें आम्हीं मागाहून वाचलें. शेजारच्या बाभळीवर दोन कावळे बसून होते, तिकडे आमचें लक्षच नव्हतें. संध्याकाळीं पुन्हां गेलों तों खळगा रिकामा होता. चित्रें मात्र उत्तम आलीं होतीं. तीं आम्हीं कोणास दाखविलीं नाहींत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपक्ष्यांच्या घरट्यांस वा अंड्यांस उपद्रव देणें हेंही शिकारींतच धरलें आहे. कायद्यांतील तो शब्द वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें तो खळगा उभा राहिला.

पुढल्या वर्षीं त्याच शेतांत टिटवी पुन्हां आली. या खेपेस आम्ही ४०० मिलिमीटरचें भिंग उसनें घेऊन बांधाच्या पलीकडे, साठ पावलांवर, पिशवीवर कॅमेरा टेकून बसलों. सकाळचे सात वाजले होते. थोड्या वेळानें ती पायींच चालत आली, इकडे तिकडे पाहून घेतलें आणि बसली. त्या चित्रांत टिटवी अंगठ्याच्या नखाएवढी आहे, आणि ती अंड्यांवर बसलेली आहे. तें चित्र विज्ञानाच्या वर्गांत फळ्याशेजारीं लावलें आहे.