वसईचा किल्ला आणि सोपारे

मुलांनो, सहल म्हटली की तुम्हांला काय आठवते? खाऊचा डबा, बसमधली गाणी आणि पुष्कळ गंमत! आज आपण सहलीला जाणार आहोत, पण फार लांब नाही. आपल्या वसईतच फिरू या.

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकाबाहेर किल्ल्याकडे जाणारी बस मिळते. ‘किल्ला’, ‘दरवाजा’, ‘बंदर’ हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. आपल्या उर्दूतही ते आहेतच. हा किल्ला डोंगरावर नाही, खाडीच्या काठी सपाट जमिनीवर आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 साली तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे सुमारे दोनशे वर्षे या तटाच्या आत एक पूर्ण शहर नांदत होते. तेथे घरे होती, चर्च होते आणि जेझुइट पाद्र्यांचे कॉलेजही होते.

होय, कॉलेज! आज तेथे वर्ग नाहीत, घंटाही वाजत नाही. पण वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा याच पाद्र्यांकडे शिकला. लहान वयातच तो त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला. तेथील भाषा त्याला इतकी चांगली येऊ लागली की, पुढे तो दुभाषा झाला. 1597 साली नागासाकी येथे त्याला आणि त्याच्या साथीदारांना धर्मासाठी क्रूसावर ठार मारण्यात आले. 1862 साली ख्रिस्ती धर्मगुरू पोप यांनी त्याला संत म्हणून जाहीर केले. किल्ल्यातील एक चर्च आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठी सैन्याने मोठ्या लढाईनंतर किल्ला जिंकला. त्या मोहिमेनंतर येथील घंटा दूरदूर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक. किल्ल्यात नागेश्वराचे देऊळ आहे, चिमाजी अप्पांचा पुतळाही आहे. तो पाहून घ्या. पण मी तुम्हांला दगड पाहायला सांगणार आहे.

पडक्या चर्चमध्ये चालताना जरा खाली पाहा. जमिनीत कबरींचे दगड बसवलेले आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. कितीतरी पाय त्यांवरून गेले, पावसाळे गेले, अक्षरे झिजली. त्यांच्या कडेने चाला.

आता एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते. बी.एड.च्या वर्गात असताना आम्ही मित्र येथे आलो होतो. एकाने खिळ्याने भिंतीवर सर्वांची नावे कोरली. माझेही. मी हसत उभा राहिलो, त्याला अडवले नाही. पुढे शिक्षक झाल्यावर मी माझ्या वर्गाला घेऊन तेथे गेलो. एका मुलीने भिंतीवरचे नाव मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहिले. “सर, हे तुम्हीच का?” मी “हो” म्हणालो. ते नाव अजून तेथेच आहे. खरवडून काढायला जावे, तर भिंतच आणखी बिघडेल.

वसई रोडनंतर विरारच्या बाजूला पुढचे स्थानक नालासोपारा. आज येथे गर्दीच गर्दी! पण प्राचीन काळी सोपारे हे मोठे बंदर होते. अरब भूगोलकार त्याला ‘सुबारा’ म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप खणला. आत दगडी पेटी होती. पेटीत एकात एक ठेवलेल्या डब्या होत्या. सर्वांत आतली डबी सोन्याची! या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाचा शिलालेखही कोरलेला होता. त्याच्या चौदा लेखांपैकी येथे फक्त आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे हाती लागले. पहिला 1882 साली आणि दुसरा 1956 साली. बाकीचे लेख येथे मिळाले नाहीत. गुजरातेत गिरनारच्या खडकावर मात्र ते सर्व आहेत, म्हणून आपल्या तुकड्यांचा अर्थ लागतो. आणि आठवा लेख कशाविषयी आहे, ठाऊक आहे? सहलीविषयी! पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी फिरायला निघत. अशोकाने ते सोडले. तो वृद्धांना भेटे, दान देई, खेड्यांतील लोकांशी बोले.

सोपाऱ्याच्या शिलालेखाचा एक तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. चर्चगेटची लोकल पकडा. पुढची सहल तिकडेच नेऊ.